रिकाम्या हातांची फेरी

जेवणं आटोपून कोणी भांडी घासत असाल, कोणी उद्याची भाजी निवडत असाल. हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही एका अशा छंदाबद्दल बोलणार आहोत, ज्यात माणसं तासन् तास वाळूत काहीतरी शोधतात, बहुतेक वेळा त्यांना काहीच सापडत नाही, आणि तरीही ती हसत घरी जातात.

गोष्ट सुरू झाली आमच्या गटाच्या बैठकीत. आमच्यातल्या एका काकींची लेक इंग्लंडला नर्स आहे, समुद्राजवळच्या एका गावात राहते. तिने बैठकीच्या वेळीच फोन लावला आणि तिथला किनारा दाखवला. थंडीने गारठलेला, कोणी पोहत नाही, फक्त एक पिकल्या केसांची बाई हातात काठीसारखं काहीतरी धरून चालत होती. काठीच्या टोकाला ताटलीएवढी चकती, कानांवर हेडफोन. झाडू मारावा तशी ती चकती वाळूवरून डावी-उजवीकडे फिरवत होती. लेकीने तिला जाऊन विचारलं, "काय मिळालं?" बाई म्हणाली, आज काही नाही. तीन तास झाले. आणि ती छान हसली.

आमच्या काकी फोनवरच म्हणाल्या, "कायच गावूक नाय, मगे हसतंस कित्याक?" सगळ्या हसलो. पण घरी जाताना तो प्रश्न डोक्यात राहिला. तीन तास, थंडीत, रिकाम्या हाताने, आणि हसायचं? आपण तीन तास घराबाहेर राहून रिकाम्या हाताने परतलो, तर घरात कोण हसेल?

म्हणून आम्ही या यंत्राची माहिती काढली. ती आधी सांगतो, कारण ती आपल्याला दुसऱ्या एका कामासाठीही उपयोगी आहे.

या यंत्राला मेटल डिटेक्टर म्हणतात, म्हणजे धातुशोधक. देवळाच्या जत्रेत, विमानतळावर पोलीस अंगावरून फिरवतात, त्याचाच हा मोठा भाऊ. चकतीच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. बॅटरीची वीज त्या तारेतून सारखी दिशा बदलत वाहते, त्यामुळे चकतीभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली वाळूत धातूचा तुकडा असला, तर या क्षेत्रामुळे त्या तुकड्यातही बारीकशी वीज फिरू लागते. तिचंही स्वतःचं एक दुबळं चुंबकीय क्षेत्र बनतं. यंत्र ते ओळखतं आणि कानात 'टूं' असा आवाज येतो. एवढंच. यात मंत्र नाही, तंत्र नाही, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलीच गोष्ट आहे.

या यंत्राची पहिली गाजलेली गोष्टही न सापडण्याचीच आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी अंगात कुठे अडकली ते डॉक्टरांना कळेना. टेलिफोनचा शोध लावणारे ग्रॅहम बेल मदतीला आले. त्यांनी धातू शोधणारं उपकरण तयार केलं होतं. पण राष्ट्राध्यक्ष ज्या गादीवर झोपले होते तिच्यात पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यामुळे आवाजाचा घोटाळा झाला. शिवाय मुख्य डॉक्टरांनी उजव्या बाजूलाच शोधू दिलं, आणि गोळी होती डावीकडे. ती शेवटपर्यंत सापडली नाही. डॉक्टरांनी न धुतलेल्या बोटांनी जखम पुन्हा पुन्हा चाचपली होती. जखम चिघळली आणि १९ सप्टेंबर १८८१ रोजी राष्ट्राध्यक्ष गेले. बाळंतपणात हात धुण्याबद्दल आम्ही या रेडिओवर इतक्या वेळा का बोलतो, ते यावरूनही समजेल.

पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे एक लष्करी अधिकारी, युझेफ कोसात्स्की, यांनी स्कॉटलंडमध्ये असताना जमिनीत पुरलेले सुरुंग शोधणारं हातातलं यंत्र तयार केलं. १९४२ मध्ये इजिप्तमधल्या अल् अलामेनच्या लढाईत अशी सुमारे ५०० यंत्रं वाळवंटात वापरली गेली. कोसात्स्कींनी त्याचं पेटंट घेतलं नाही, यंत्र ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं. युद्ध संपल्यावर सैन्याची जुनी यंत्रं बाजारात स्वस्तात विकायला आली आणि हौशी माणसं ती घेऊन शेतात, किनाऱ्यावर फिरू लागली. माणसं मारणारे सुरुंग शोधायचं साधन असं सुट्टीच्या दिवशीचा विरंगुळा झालं.

किनाऱ्यावर सापडतं काय? सर्वांत जास्त कचरा. थंड पेयाच्या डब्याची ओढायची कडी, बाटल्यांची बुचं, चंदेरी कागद, गंजके खिळे, मासेमारीच्या गळाला लावायची शिशाची वजनं. कधी नाणी. फार क्वचित अंगठी. थंड पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी घसरते, पोहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. वादळ येऊन गेलं की वरची वाळू वाहून जाते आणि खालच्या कडक थरावर अडकलेल्या जड वस्तू उघड्या पडतात. म्हणून वादळानंतरच्या सकाळी तिकडे शोधणाऱ्यांची गर्दी असते. आपल्याकडेही पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून नेतो आणि दिवाळीनंतर हळूहळू परत आणून टाकतो, हे आपल्या सगळ्यांच्या बघण्यातलं आहे.

आता या यंत्राच्या तीन मर्यादा नीट ऐका.

पहिली. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते. फार तर थोडी अधिक. पुरुषभर खोल पुरलेलं नाणं दाखवणारं हातातलं यंत्र नसतं.

दुसरी. ओल्या खाऱ्या वाळूतून वीज वाहते, म्हणून साधं यंत्र ओल्या वाळूवर उगाचच आवाज करतं. किनाऱ्यासाठी वेगळ्या प्रकारचं यंत्र लागतं.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. सोन्याची अंगठी आणि डब्याची ॲल्युमिनियमची कडी, दोन्हींचा आवाज यंत्रात जवळजवळ सारखा येऊ शकतो. वर्षानुवर्षं हा छंद करणारा माणूससुद्धा खणून हातात घेतल्याशिवाय "हे सोनंच" असं सांगू शकत नाही.

हे आम्ही का सांगतोय? आमच्या ओळखीच्या एका घरी दोन माणसं असं यंत्र घेऊन आली होती. मागच्या अंगणात यंत्र वाजवून दाखवलं आणि सांगितलं, खाली हंडा आहे, पूर्वजांचं धन आहे, पण काढायचं तर विधी करावा लागेल. घरातल्या बाईने गळ्यातलं गहाण ठेवून पैसे उभे केले. माणसं पैसे घेऊन गेली ती गेली. नंतर खणलं तेव्हा वीतभर खाली जुन्या गोठ्याचा खिळा आणि पत्र्याचा तुकडा निघाला. यंत्र खोटं वाजलं नव्हतं, माणसं खोटं बोलली होती. त्या बाईला यंत्राची ही तिसरी मर्यादा ठाऊक असती, तर तिचा दागिना घरात राहिला असता.

म्हणून लक्षात ठेवा. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि समजा जमिनीत खरोखरच जुनं काही सापडलं, तर १८७८ चा एक कायदा आजही लागू आहे. १० रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. किल्ले, जुनी देवळं अशा संरक्षित जागी परवानगीशिवाय खणता येत नाही.

इंग्लंडमध्येही मोकाट खणायला मुभा नाही. किनारा कोणाच्या मालकीचा आहे ते पाहून परवानगीचे नियम पाळावे लागतात. १९९६ चा कायदा सांगतो की ३०० वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू सापडली, तर १४ दिवसांत सरकारी अधिकाऱ्याला कळवायचं. साध्यासुध्या जुन्या वस्तूंची नोंद करण्यासाठी १९९७ पासून तिथे एक योजना आहे. लोकांनी आपणहून दाखवलेल्या १० लाखांहून जास्त वस्तूंची नोंद तीत झाली आहे. एखादं बटण, एखादी बक्कल. विकून पैसे येणार नाहीत, पण त्या गावात पूर्वी कोण राहत होतं ते त्यातून कळतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काही मिळत नाही, तर माणसं जातात कशाला?

आमच्याकडे पूर्वी झारेकरी असत. सोनारांच्या दुकानातली, गल्लीतली धूळ धुऊन ते सोन्याचा कण न् कण काढत. तो त्यांचा पोटाचा धंदा होता. त्यांना सोनं मिळालं नाही तर चूल पेटायची नाही. किनाऱ्यावरच्या त्या बाईचं तसं नाही. तिचं पोट त्यावर नाही, म्हणून न मिळाल्याचं दुःखही नाही. पण मग सुख कशाचं?

काकींच्या लेकीने पुढच्या आठवड्यात त्या बाईशी परत गप्पा मारल्या आणि आम्हाला सांगितलं. बाई म्हणाली, हेडफोन लावला की कानात एकच बारीक गुणगुण असते, डोक्यातल्या बाकीच्या कटकटी बंद होतात. आवाज आला की पोटात गुदगुल्या होतात, हे काय असेल? खणलं की निघतं बूच. ते पिशवीत टाकायचं, खड्डा बुजवायचा, पुढे जायचं. दोन-तीन मैल चालणं होतं, गुडघे मोकळे होतात. किनाऱ्यावर अनवाणी खेळणाऱ्या पोरांच्या पायांत शिरला असता असा गंजका खिळा आपल्या पिशवीत आला, म्हणजे ते काम झालंच. कधी कोणाची हरवलेली अंगठी शोधून परत देता येते, तो दिवस मग वर्षभर आठवतो. आणि काहीच नाही निघालं, तरी समुद्र असतोच.

तिकडे २०१४ साली बीबीसीवर 'डिटेक्टरिस्ट्स' नावाची एक मालिका लागली होती. शेतात यंत्र फिरवणाऱ्या, बहुतेक वेळा डब्यांच्या कड्याच सापडणाऱ्या दोन मित्रांची ती गोष्ट आहे. लोकांना ती आवडली ती त्या दोघांच्या मैत्रीसाठी.

आमच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. एकजण म्हणाली, ही सगळी पोट भरलेल्यांची सुखं. आपल्याला पाण्याला जायचं, लाकडाला जायचं, रेशनला जायचं, बाजाराला जायचं. दुसरी म्हणाली, तेच तर! आपण बाहेर पडतो ते काहीतरी आणायलाच. हंडा, मोळी, पिशवी यातलं काहीतरी हातात असल्याशिवाय आपण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंय असं शेवटचं कधी झालं होतं? आम्ही अकराजणी गप्प झालो. कोणालाही आठवेना.

तेव्हा ठरलं की यंत्र नको, विकत काही घ्यायचं नाही, पण महिन्यातून एकदा तासभर किनाऱ्यावर फेरी मारायची. नाव ठेवलं रिकाम्या हातांची फेरी. काकींनी लगेच विचारलं, "वाटेत तिसऱ्या दिसल्या तर सोडायच्या?" त्यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी ठरलं, पिशवी नेली तरी चालेल, पण ती भरलीच पाहिजे असं नाही.

वेळ कशी ठरवायची ते आपल्या कोळणींना आणि गाबतिणींना पाठ आहे, पण शेतावरच्या मैत्रिणींसाठी सांगतो. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ कळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. रोज वेळ पाऊण तासाने पुढे जाते. पुनवेला आणि अवसेला भरती सव्वाअकराच्या पुढेमागे येते, म्हणजे सुकती संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. त्या दिवसांत उधाण असतं, पाणी चढतं तसंच लांबवर उतरतंही, आणि चालायला भरपूर ओली वाळू मिळते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. हा हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून सुकती होईपर्यंत चालायचं आणि पाणी वळलं की आपणही वळायचं. पावसाळ्यात जायचंच नाही.

पहिल्या पुनवेला आम्ही नऊजणी गेलो. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं झालं. हातांचं काय करावं कळेना. एकीने पदराचं टोक धरलं, एकीने चपला हातात घेतल्या. मग कुर्ल्यांची बिळं दिसली, बिळाबाहेर त्यांनी मांडलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या दिसल्या. लहानपणापासून बघतोय, पण वाकून पाहिलं ते आज. दोघीजणींनी वाटेतली बाटल्यांची बुचं आणि तुटक्या जाळ्याचा तुकडा गोळा केला. तासभरात काय गावलं? कायच नाय. परत येताना एकजण गाणं म्हणत होती. तिचा गाण्याचा आवाज आम्ही तिच्या लग्नानंतर ऐकला नव्हता.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. आमच्यातल्या एका वहिनींना घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय आणलंस?" वहिनी म्हणाल्या, काही नाही. "मग गेलेलीस कशाला?" दुसऱ्या महिन्यात वहिनी आल्या नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो. आजी ओटीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, काम नसताना बाईमाणसाने किनाऱ्यावर फिरायचं, हे आमच्यात नव्हतं. आमच्याकडे त्यावर चांगलं उत्तर नव्हतं. आम्ही चहा प्यायलो आणि आजींना विचारलं, तुम्ही कधी गेलात किनाऱ्यावर? तेव्हा त्या बोलू लागल्या. तरुणपणी त्या मुळ्यांना जायच्या, कुठल्या खडकामागे जास्त मिळायच्या, पाणी वळल्याचं पायाला कसं कळतं, हे सगळं त्यांनी सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाल्या, कधीकधी टोपली लवकर भरायची, तरी आम्ही लगेच घरी यायचो नाही. एवढं बोलून त्या हसल्या.

तिसऱ्या महिन्यात वहिनी आल्या. चौथ्यात नाही, पाचव्यात परत आल्या. आजींचे गुडघे दुखतात, त्या येत नाहीत. पण वहिनी घरी गेल्या की आता त्या विचारतात, "काय बघितलंस?" 'आणलंस'च्या जागी 'बघितलंस' आलं, यात आम्हाला मोठी कमाई वाटते.

गुप्तधनाच्या मागे लागलेल्या माणसाला अंगणातली फुललेली जास्वंद दिसत नाही, त्याची नजर हंड्यावर असते. तिकडच्या त्या बाईचंही लक्ष जमिनीखालीच असतं, पण तिला हंड्याची घाई नाही. पहिल्याचा दिवस हंडा मिळाला तरच चांगला जातो, हिचा दिवस घरातून निघाल्यापासूनच चांगला असतो. आपल्या गटात कर्ज आहे, हप्ते आहेत, पापड-लोणच्याचा हिशेब आहे, आणि तो चोख हवाच. पण महिन्यातला एक तास असा असू द्या, ज्याचा हिशेब कोणी विचारणार नाही.

किनारा नसेल तर नदीचा काठ आहे, माळ आहे, गावाबाहेरची पाणंद आहे.

जाण्याआधी चार गोष्टी ध्यानात ठेवा.

१. तिघीचौघींनी मिळून जा, आणि कुठे चाललो ते घरी सांगून जा.

२. वाहून आलेला पिंप, नळकांडं, बॉम्बगोळ्यासारखी अनोळखी धातूची वस्तू दिसली तर हात लावू नका. लांब व्हा आणि ११२ वर फोन करा.

३. थंडीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत आपल्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू उकरू नका. कासवाची वाट किंवा घरटं दिसलं तर वनखात्याला कळवा.

४. कोणी यंत्र वाजवून "इथे सोनं आहे" म्हणालं, तर त्याला आजच्या तीन मर्यादा ऐकवा आणि पैसे देऊ नका.

गटात बोलण्यासाठी प्रश्न

काहीही आणायचं नसताना आपण शेवटचं घराबाहेर कधी पडलो होतो?

आपल्या घरात कोणाला कारण न सांगता बाहेर जाता येतं, आणि कोणाला नाही?

आपल्या गावात गुप्तधनाच्या नावाने कोणी फसलं आहे का? त्या घराला आपण कसा आधार देऊ?

या तीन प्रश्नांवर पुढच्या बैठकीत बोला आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा. आम्ही येत्या पुनवेला परत फेरीला जाणार आहोत. काय गावलं ते पुढच्या भागात सांगू. बहुतेक कायच नाय!